गाडी घाटात तापली, आता रोज सकाळी थरथरत सुरू होते आणि टकटक करते. नेमकं काय झालं असेल?

माळवी_मुक्काम | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, गाडीतलं मला फारसं कळत नाही, तेव्हा चुकीचे शब्द वापरले तर सांभाळून घ्या.

गाडी दहा वर्षं जुनी, पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलेंडर, ८६ हजार किलोमीटर. मागच्या रविवारी आई-बाबांना घेऊन महेश्वरला गेलो होतो. परतताना मंडलेश्वरहून जाम घाटाने महूकडे निघालो. दुपारचे तीन, मे महिना, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आईने घेतलेल्या साड्या. घाटात तापमानाचा काटा वर गेला. जाम गेटला थांबलो, चहा घेतला, वीस मिनिटांनी पुन्हा निघालो. काटा परत चढायला लागला, मी एसी बंद केला, आणि थोड्या वेळाने काटा आपोआप एकदम खाली आला. म्हटलं झालं, थंड झाली. त्यानंतर पाच-सहा किलोमीटर गेलो तर गाडीचा दमच गेला, बॉनेटमधून वाफ आणि उकळलेल्या गुळासारखा गोडसर वास.

रस्त्यावरच्या मिस्त्रीने होज पाइपजवळची प्लास्टिकची टी (पाण्याच्या नळ्या जोडणारा तीन तोंडी तुकडा) फुटलेली दाखवली. तिथे पितळी तुकडा घालून क्लॅम्प आवळला, साधं पाणी भरलं. "भिया, आराम से जाओ, कुछ नी होयगा." आलो घरी इंदूरला, सुदाम्यानगरला.

आता आठवडा झाला. दिवसभर गाडी ठीक चालते. पण सकाळी पहिल्यांदा सुरू केली की अर्धा मिनिट थरथरते, जणू एक पाय लंगडतोय, मग सुधारते. शिवाय टक टक टक असा आवाज येतो, रेस केली की तो पण वेगाने टकटकतो. चेक इंजिनचा दिवा दोनदा लागून विझला.

एक मिस्त्री म्हणतो प्लग बदला. दुसरा म्हणतो इंजिन काम काढा, चाळीस हजार. दोघांनी नुसतं बॉनेट उघडून ऐकलं. कुणावर विश्वास ठेवू?


पोहे_जिलेबी | रविवार, रात्री ९:१४

रुमाल टाकून ठेवते, उत्तरं वाचायला. आमची पण सकाळी कण्हते, पण ती तापली वगैरे नव्हती.


सेवखाऊ | रविवार, रात्री ९:२०

गाडीत पाच माणसं, वर महेश्वरी साड्या. इंजिन तापलं नसतं तरच नवल. साड्या किती होत्या ते लिहा, निदान सोपं जाईल. (दिवे घ्या)


माळवी_मुक्काम | रविवार, रात्री ९:२२

नऊ. त्यातल्या तीन मावशीच्या.


कोपऱ्यातला_गॅरेजवाला | रविवार, रात्री ९:३१

बॅटरी चेक करा. सकाळचा प्रॉब्लेम म्हणजे नव्वद टक्के बॅटरी.


अबोली_इं | रविवार, रात्री ९:४५

हे सगळं ई २० पेट्रोलमुळे आहे. आमच्या कॉलनीत तीन गाड्यांचा हाच त्रास. २० टक्के इथेनॉल, जुन्या गाड्यांचे रबरी भाग खातं.


टॉर्क_रेंच | रविवार, रात्री १०:२५

बॅटरीही नाही आणि इथेनॉलही नाही, थोडं थांबा. बॅटरी उतरली तर स्टार्टर मंद फिरतो. सुरू झाल्यावर अर्धा मिनिट लंगडत नाही. आणि जुन्या रबरांच्या बाबतीत अबोलीताईंचा मुद्दा चुकीचा नाही, पण घाटात तापलेल्या दिवसापासूनच त्रास सुरू झाला असेल तर पेट्रोलला कशाला पकडायचं?

धागाकर्त्यांच्या पोस्टमधलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "काटा आपोआप एकदम खाली आला." मुक्कामभाऊ, गाडी तेव्हा थंड झाली नव्हती. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो आणि पाण्याचं तापमान सांगतो. फुटलेल्या टीमधून पाणी निघून गेलं, सेन्सर कोरडा पडला, त्याच्याभोवती नुसती वाफ-हवा राहिली. काटा पडला. आत इंजिन मात्र भाजत होतं. म्हणजे पुढचे पाच-सहा किलोमीटर तुम्ही कूलंट नसलेलं इंजिन चालवलंत, तेही काटा बघून निश्चिंत होऊन.

तुमचा काय दोष, काट्यानेच फसवलं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तर काटाही नसतो, निळा दिवा आणि लाल दिवा एवढंच.

हेड, म्हणजे सिलेंडरांच्या ब्लॉकवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. असं तापलं की ते वाकतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं. हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट (सील करणारी पातळ चकती) मग एखाद्या ठिकाणी दाब धरत नाही. रात्री गाडी उभी असताना कूलंटचे थोडे थेंब एका सिलेंडरमध्ये झिरपतात. सकाळी तो सिलेंडर ओला, पेटत नाही, तीन सिलेंडरवर गाडी थरथरते. अर्ध्या मिनिटात ओल जळून गेली की चौथा कामाला लागतो. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नाही, म्हणून आधी याची उत्तरं द्या:

रिझर्व्ह टाकीतलं पाणी आठवड्यात कमी झालं का? सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते का, आणि ती किती वेळ? ऑइलची डिपस्टिक काढून बघा, ऑइल काळं-तपकिरी आहे की दूध पडल्यासारखं? टकटक गाडी गरम झाल्यावर वाढते की कमी होते?

आणि एक सूचना. सकाळी स्टार्टर मारल्यावर अडकल्यासारखा आवाज आला तर पुन्हा पुन्हा मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी जास्त साचलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकते. मग चाळीस हजारही कमी पडतील.


सेवखाऊ | रविवार, रात्री १०:३१

आता मला माझ्या गाडीचीही भीती वाटायला लागली. ती तर घाटात गेलीच नाही कधी, राजवाड्याच्या पुढे नेत नाही.


निमाडकर | सोमवार, सकाळी ७:०५

खरगोनकर आहे, ४५ डिग्रीत गाड्या चालवतो, तापणं आम्हाला नवीन नाही. टॉर्करेंच साहेबांचं गॅस्केटचं पटलं, पण टकटकीबद्दल माझं मत सांगतो. ते टॅपेट आहे, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, त्याचा दम जातो, हायड्रॉलिक टॅपेटमध्ये दाब टिकत नाही आणि वरून टिकटिक सुरू. ऑइल आणि फिल्टर बदला, आवाज गेला समजा. पैज पोह्यांची, एक प्लेट, वर शेव जास्त.


माळवी_मुक्काम | सोमवार, सकाळी ८:४०

आज सकाळी मुद्दाम लवकर उठून सगळं बघितलं. बायको म्हणाली एवढं लक्ष दहावीला दिलं असतं तर.

टाकीतलं पाणी खालच्या रेषेच्याही खाली गेलंय. भरल्याला आठच दिवस झालेत. वाफ येते, पांढरी, साधारण मिनिटभर, वास किंचित गोड. (साधं पाणी भरलं होतं, पण आधीचं थोडं कूलंट आत असेल ना?) डिपस्टिकवर ऑइल नेहमीसारखं. ऑइलच्या झाकणाला आतून थोडं पिवळट फेसासारखं लागलंय. टकटक सुरुवातीला जोरात, पाच-सात मिनिटांनी बरीच कमी होते.


टॉर्क_रेंच | सोमवार, सकाळी ९:१५

झाकणाच्या फेसाने घाबरू नका. छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे आतली वाफ तिथे जमते आणि ऑइलशी घुसळली जाते, थंडीत चांगल्या गाड्यांनाही होतं. डिपस्टिक स्वच्छ आहे हे महत्त्वाचं. तिथे ताक दिसलं असतं तर गाडी सुरूच करू नका म्हणालो असतो.

टकटक गरम झाल्यावर कमी होते ही चांगली बातमी आहे. तळाचं बेअरिंग गेलं असतं तर उलट झालं असतं. ऑइल गरम होऊन पातळ झालं की तो आवाज वाढतो, आणि तो टकटक नसतो, धक धक असा जड असतो, चढावर दाबलं की आणखी. निमाडकर, तुमची पैज मी स्वीकारतो. आधी हे सांगा, यांच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत हे कुणी सांगितलं?


निमाडकर | सोमवार, सकाळी ९:२२

कुणी नाही. अनुभव बोलतो.


ग्वाल्हेरची_मृण्मयी | सोमवार, दुपारी १:३०

मी थोडं वेगळं सांगते, कारण माझ्या बाबतीत सगळे गॅस्केट गॅस्केट म्हणत होते.

दोन वर्षांपूर्वी मुरारच्या ट्रॅफिकमध्ये आमच्या गाडीचा रेडिएटरचा पंखा बंद पडला आणि गाडी तापली. मी लगेच थांबले, टो करून नेली. पंखा बदलला. पण त्यानंतर अगदी असंच, सकाळी दोनदा स्टार्टर मारावा लागे, सुरू झाली की थरथर, पेट्रोलचा वास. एका वर्कशॉपने (नाव घेत नाही, आता भांडण मिटलंय) हेड उघडायचं एस्टिमेट हातात दिलं, अठरा हजार. मी सही करणार होते. माझे दीर म्हणाले, वहिनी, एकदा गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून बघा. लावला. सकाळी, रात्रभर उभ्या गाडीला, इंजिनचं तापमान तो ९० डिग्री दाखवत होता! कूलंटच्या तापमानाचा सेन्सर वाफेने खराब झाला होता. कॉम्प्युटरला वाटे इंजिन गरम आहे, म्हणून थंड इंजिनला लागणारं जास्तीचं पेट्रोल तो देतच नसे. सेन्सर हजाराच्या आतला. बदलला, संपलं.

म्हणून मुक्कामदादा, हेड उघडायला हो म्हणायच्या आधी स्कॅनर. बाकी टॉर्करेंच काकांना जास्त कळतं.


पोहे_जिलेबी | सोमवार, दुपारी १:४१

पण मृण्मयी, गाडी गरम आहे समजून पेट्रोल कमी दिलं तर पेट्रोलचा वास कसा?


ग्वाल्हेरची_मृण्मयी | सोमवार, दुपारी १:५०

हो गं, बरोबर विचारलंस. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. न पेटलेलं बाहेर पडत असेल, दोनदा-तीनदा स्टार्टर मारून. तज्ज्ञांनी सांगावं.


टॉर्क_रेंच | सोमवार, दुपारी २:२०

तुम्हीच बरोबर सांगितलंत. आणि सेन्सरचा सल्ला शंभर टक्के योग्य. फरक एवढाच की सेन्सर बिघडला तर पाणी कमी होत नाही. यांचं होतंय. पण पाणी बाहेरूनही गळत असेल. त्या पितळी तुकड्यापाशी, वॉटर पंपापाशी. म्हणून मोजायला हवं.


बडोद्याचे_नाना | सोमवार, रात्री ८:००

तुमची चर्चा वाचून पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचे दिवस आठवले. मी ७४ वर्षांचा. आमच्या वेळी घाट म्हणजे पाण्याचे दोन कॅन, एक ओलं फडकं आणि थांबायची तयारी. मे महिन्यात घाटाच्या प्रत्येक वळणावर बॉनेट उघडून चार गाड्या उभ्या असत, जणू जबडे उघडून बसलेल्या मगरी. तापली तर उभी करायची, बिडी ओढायची, पुढे जायचं. ॲम्बेसेडरचं हेड ओतीव लोखंडाचं, ते इतक्या सहज वाकत नसे. आता ॲल्युमिनियम, हलकं आणि नाजूक.

एक सांगतो. १९७९ मध्ये गरम रेडिएटरचं झाकण मी फडक्याने उघडलं होतं. उजव्या मनगटावर डाग अजून आहे. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उसळतं. तरुण मंडळींनी लक्षात ठेवा.

बडोद्यात आमच्या दांडिया बाजारात एक मिस्त्री होता, मराठी, कानाला लांब स्क्रू ड्रायव्हर लावून इंजिन ऐकायचा. डॉक्टरसारखा. आता असे मिस्त्री नाहीत.


सेवखाऊ | सोमवार, रात्री ८:०९

नाना, मगरी एक नंबर.

रेडिएटर गळत असेल तर हळद टाका. मी थट्टा करत नाही. माझ्या मामाने ट्रक असाच नागदापर्यंत नेला होता.


टॉर्क_रेंच | सोमवार, रात्री ८:४०

हळदीने बारीक भोक बुजतं हे खरं आहे. तीच हळद हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते हेही खरं. मामांचा ट्रक नागद्याला पोचला, त्यानंतर कुठे गेला ते विचारा.


सेवखाऊ | सोमवार, रात्री ८:४४

भंगारात.


अबोली_इं | मंगळवार, सकाळी १०:१०

मला एक कळत नाही, साधं पाणी भरलं तर एवढं काय बिघडतं? आम्ही वर्षानुवर्षं नर्मदेचंच पाणी भरतोय. गोडं पाणी आहे की.


निमाडकर | मंगळवार, सकाळी १०:३०

अबोलीताई, नर्मदा तुम्हाला आमच्या मंडलेश्वरच्या जलूदहून जाते, ७० किलोमीटर पाइपातून, वर चढवून. माता आहे, पण रेडिएटरला चालत नाही. आणि निम्म्या इंदूरच्या घरात तर बोअरिंगचंच पाणी. केटलीत पांढरा थर बसतो ना, तोच इंजिनात बसतो.


टॉर्क_रेंच | मंगळवार, दुपारी १२:१५

थरापेक्षा मोठं कारण आहे. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं आणि गंज रोखणारी रसायनं असतात. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर घेतलं तर ते १०० ला उकळत नाही, साधारण १०६-१०८ ला उकळतं, आणि झाकणाचा एक बारचा दाब वर असला की तोच आकडा १२५ च्या पुढे जातो. साधं पाणी भरलं की ही गंगाजळी गेली. त्यात झाकणाचं रबर जुनं, दाब धरत नाही. घाटात उकळणारच. झाकण दोन-तीनशे रुपयांचं असतं, पण कुणी ते बदलत नाही, कारण ते तुटलेलं दिसत नाही.


पोहे_जिलेबी | मंगळवार, दुपारी १२:४०

विषय घाटाचा निघालाय म्हणून, पातालपाणी-कालाकुंडच्या मीटरगेज रेल्वेत बसलंय का कुणी? ती गाडी घाट चढायची तेव्हा इंजिन कसं तापत नसेल?


इंदूर_इतिहास_किडा | मंगळवार, दुपारी ३:००

माझा विषय! ती होळकर स्टेट रेल्वे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. इंग्रजांनी राजांकडून कर्ज घेतलं, विचार करा. घाटात चढ १ ला ४० असल्याने मागून दुसरं इंजिन ढकलायला लावत. आणि कालाकुंड स्टेशनवर पानात मिळणारा कलाकंद,


टॉर्क_रेंच | मंगळवार, दुपारी ३:०८

तो वेगळ्या धाग्यावर. इथे एका माणसाची गाडी मरतेय.


इंदूर_इतिहास_किडा | मंगळवार, दुपारी ३:१०

माफ करा. पण कलाकंद खरंच चांगला आहे.


टॉर्क_रेंच | मंगळवार, रात्री ९:३०

मुक्कामभाऊ, तुमच्यासाठी. कुठल्याही मिस्त्रीला हेड उघडू देण्याआधी या गोष्टी त्याच्याकडून करून घ्या. सगळ्या मिळून अर्धा दिवस. करायला जो कंटाळतो त्याच्याकडे गाडी देऊ नका.

आधी स्कॅनर. दिवा विझला तरी कोड आत राहतो. पी ०३०१ ते पी ०३०४ मधला असेल तर शेवटचा आकडा कुठला सिलेंडर चुकतोय ते सांगतो. पी ०३०० असेल तर एक नाही, इकडून तिकडे. त्याच वेळी थंड इंजिनचं तापमान बघा, म्हणजे मृण्मयीताईंचा सेन्सरही तपासून होईल.

मग प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी बाहेर कुठे ओल आहे का बघायचं. बाहेर कोरडं आणि काटा मात्र उतरलेला, तर पाणी आत गेलंय. स्टार्टर न मारता चारही प्लग काढायचे. एक प्लग ओला किंवा बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तोच आपला चोर. प्लग काढलेले असतानाच एकदा स्टार्टर फिरवला तर त्या भोकातून फवारा उडेल, तोंड लांब ठेवा.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडर किती दाब धरतो ते. चारही सिलेंडर, थ्रॉटल पूर्ण उघडून. पेट्रोल गाडीत १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान असावं, पण आकड्यापेक्षा फरक बघा. एक बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. वाढलं तर पिस्टन रिंग, न वाढलं तर गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह. आणि शेजारशेजारचे दोन सिलेंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्यामधली गॅस्केट.

नानांच्या मिस्त्रीचा स्क्रू ड्रायव्हर विसरू नका. टोक हेडच्या झाकणावर, मूठ कानाला. मग ब्लॉकच्या खाली. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) आसपास, पण तिथे हात भाजेल, आणि फिरणारे बेल्ट आहेत, बाही आवरा. आवाज कुठे मोठा आहे ते सांगा. मला मॅनिफोल्डचा संशय आहे. गरम झाल्यावर धातू फुगतो, फट बंद होते, आवाज जातो. फटीपाशी काजळी दिसेल.


बडोद्याचे_नाना | मंगळवार, रात्री ९:४५

वा. स्क्रू ड्रायव्हर अजून आहे म्हणजे.


माळवी_मुक्काम | शुक्रवार, रात्री १०:००

उशिरा लिहितोय. तीन मिस्त्र्यांना विचारलं. दोघांनी "इतना टाइम किसके पास है भिया" म्हटलं. तिसरा पिपल्याहाना चौकाच्या पलीकडचा, तरुण आहे. तो म्हणाला, "लिस्ट किसने बना के दी? सही है." त्याच्याकडेच गाडी ठेवली.

कोड: पी ०३०३. थंड तापमान बरोबर, ३१ डिग्री, म्हणजे सेन्सर ठीक. प्रेशर रात्रभर ठेवलं, सकाळी बरंच उतरलं होतं. बाहेर तो पितळी तुकडा कोरडा, पंप कोरडा. प्लग काढले. एक, दोन, चार फिकट तपकिरी. तीन नंबरचा ओला आणि नव्यासारखा पांढरा. स्टार्टर फिरवला तेव्हा तीन नंबरमधून पाणी उडालं. मी तोंड लांब ठेवलं नव्हतं.

कॉम्प्रेशन: १७५, १७०, १२५, १७०. ऑइल टाकून तीन नंबर १२८. म्हणजे रिंग नाही.

स्क्रू ड्रायव्हरने मी स्वतः ऐकलं. वर टॅपेटचा बारीक किरकिराट, सगळीकडे सारखा. मॅनिफोल्डच्या तीन नंबरपाशी टक टक टक, कानात हातोडी मारल्यासारखी.

हेड काढायचं ठरलं. एस्टिमेट एकोणीस हजार, त्यात फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), गॅस्केट सेट, नवे हेड बोल्ट, थर्मोस्टॅट, झाकण, ती टी, कूलंट.


निमाडकर | शुक्रवार, रात्री १०:०६

मान्य. पोहे माझ्याकडून. इंदूरला आलो की.


सेवखाऊ | शुक्रवार, रात्री १०:१०

शेव जास्त.


कोपऱ्यातला_गॅरेजवाला | शुक्रवार, रात्री १०:२०

जुने बोल्टच लावा, नवीन घ्यायची काय गरज? दीड हजार वाचतील. आणि सेकंडहँड इंजिन पंचवीस हजारात मिळतं, हेडपेक्षा ते बरं.


टॉर्क_रेंच | शुक्रवार, रात्री १०:५०

नाही. बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना मुद्दाम थोडे ताणले जातात, एकदाच वापरायचे असतात. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. जुनेच लावले तर तीच गॅस्केट सहा महिन्यांत परत उडेल. सेकंडहँड इंजिन कुणाच्या घाटातून आलं हे तुम्हाला कोण सांगणार?

मुक्कामभाऊ, हेड निघालं की लेथवाल्याकडे स्वतः जा. सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) किती वाकलंय ते तुमच्यासमोर मोजायला सांगा. आणि फेसिंगआधी तडा आहे का ते तपासून घ्या. तडा गेलेल्या हेडला फेस मारून उपयोग नाही. बोल्ट आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, वापरतोय का ते बघा. माझं नाव उगाच नाही.


ग्वाल्हेरची_मृण्मयी | शनिवार, सकाळी ९:००

दादा, बिल आल्यावर नक्की लिहा. आणि बाबांना सांगितलंत का किती ते?


माळवी_मुक्काम | शनिवार, सकाळी ९:२५

बाबांना अजून काही सांगितलं नाही. खरं सांगू? घाटात काटा पडला तेव्हा बाबांनीच विचारलं होतं, "अरे, इतक्या लवकर कसा उतरला?" बाबा वीज मंडळात होते, आयुष्यभर मीटर बघितलेत त्यांनी. मी म्हटलं, बाबा, झाली थंड, तुम्ही पाणी प्या.


माळवी_मुक्काम | बुधवार, रात्री ८:३०

गाडी मिळाली. धागा वर काढतोय.

लेथवर मोजलं. हेड ०.१२ मिलिमीटर वाकलं होतं. लेथवाला म्हणाला, चालतं ते ०.०५ पर्यंत. तडा नव्हता. गॅस्केटवर तीन नंबरपासून पाण्याच्या भोकापर्यंत एक जळकी रेघ दिसली, केसाएवढी. एवढ्याशा रेघेसाठी एवढं सगळं. गॅस्केट मी घरी आणली, बायको म्हणते भिंतीवर लावा आता.

मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारा तीन नंबरचा स्टड (बोल्ट) तुटलेला होता आणि तिथे काळी काजळी, टॉर्करेंच म्हणाले होते तशीच. स्टड काढायला पोराला दोन तास लागले. बिल २०,८००. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळले, मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो.

तीन सकाळी झाल्या. एका फटक्यात सुरू होते, थरथर नाही, वाफ नाही, पाण्याची पातळी रेषेवर. टकटक पूर्ण गेली. बाबांना घेऊन गेलो गाडी आणायला. त्यांनी जळकी गॅस्केट उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही रे, त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं." पुढे काही बोलले नाहीत. वाटेत छप्पन दुकानला थांबून सगळ्यांनी कुल्फी खाल्ली.


अबोली_इं | बुधवार, रात्री ८:४०

अभिनंदन! आमच्या कॉलनीतल्या तिन्ही गाड्यांना स्कॅनर लावायला सांगते. तरी इथेनॉलवरचा माझा संशय गेलेला नाही.


बडोद्याचे_नाना | बुधवार, रात्री ९:००

वडिलांना माझा नमस्कार सांगा.


माळवी_मुक्काम | बुधवार, रात्री ११:१५

एक विचारायचं राहिलं. आत्ता गाडी आणून लावली, चावी काढली, तरी समोरचा पंखा दीड-दोन मिनिटं फिरतच होता. आधी असं होत होतं का आठवत नाही. हे काय आहे आता?


टॉर्क_रेंच | बुधवार, रात्री ११:१९

नॉर्मल आहे. इंजिन गरम असताना बंद केलं की पंखा थोडा वेळ चालतो. झोपा.